अटी कोणाच्या?

विकसनशील देशांनी परकीय भांडवल घ्यावे की घेऊ नये, हा एके काळचा तात्त्विक वाद आता व्यवहारात जवळजवळ निकालात निघाला आहे. डावी सरकारेही ते घेतात, उजवीही घेतात. उरलेला वाद आहे तो अटींचा. भांडवल कोणत्या अटींवर यावे, आणि मुख्य म्हणजे त्या अटी कोणी घालाव्यात? 1989 साली जागतिक बँकेने सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेवर एक अहवाल प्रसिद्ध केला आणि तिथल्या दारिद्र्याचे एक मूळ 'कारभाराच्या संकटात' असल्याचे सांगितले. 'सुशासन' हा शब्द त्यानंतर कर्जाच्या भाषेत स्थिरावला. कर्ज हवे असेल तर हिशेब खुले करा, नियामक आयोग नेमा, अनुदाने आवरा, सार्वजनिक उपक्रम विका, अशी ती अटींची यादी होती. पुढे एकविसाव्या शतकाच्या आरंभी चीन या देशांत मोठ्या प्रमाणावर उतरला तो नेमका याच्या उलट भाषा घेऊन. तुमच्या अंतर्गत कारभारात आम्ही ढवळाढवळ करणार नाही, असे त्याने सांगितले. पश्चिमेचे भांडवल अटींसह, चीनचे बिनशर्त, अशी विभागणी तेव्हापासून रूढ झाली.

या विभागणीचे नेहमीचे उदाहरण अंगोलाचे. तेलाच्या उत्पन्नाचा हिशेब पारदर्शक करण्याच्या मुद्द्यावर आंतरराष्ट्रीय नाणेनिधीशी त्या देशाच्या वाटाघाटी रखडल्या असताना 2004 मध्ये चीनच्या एक्झिम बँकेने त्याला तेलाच्या तारणावर दोन अब्ज डॉलरचे कर्ज दिले. काहींना यात गरीब देशाची सुटका दिसली, तर काहींना सुधारणेची हुकलेली संधी. दुसरे उदाहरण श्रीलंकेतील हंबनटोटा बंदराचे. 2017 मध्ये ते चिनी कंपनीकडे 99 वर्षांच्या भाडेपट्ट्याने गेले आणि 'कर्जाचा सापळा' हा शब्दप्रयोग जगभर झाला. हा सापळा खरा की अतिशयोक्त, यावर अभ्यासकांत आजही दुमत आहे. श्रीलंकेच्या देण्यात पाश्चात्त्य रोखेधारकांचाही मोठा वाटा होता, हे नाकारता येत नाही. परंतु या दोन्ही पक्षांच्या युक्तिवादांत एक समान मौन आहे. जागतिक बँक अट घालते ती सरकारला, आणि चीन अट घालत नाही तोही सरकारलाच. ज्याच्या जमिनीवर बंदर उभे राहते, ज्याच्या रानातून तारा जातात, त्याने अट घालावी ही शक्यता दोन्हीकडे विचारातच घेतलेली नाही.

मराठीच्या अध्यापकाने या विषयात पडावे का, असा प्रश्न काहींच्या मनात येईल. माझे उत्तर असे की करार ही अखेर एक संहिताच असते, आणि संहितेत कोण बोलतो, कोण ऐकतो आणि कोणाला बोलूच दिलेले नाही हे शोधणे हा आपला रोजचाच धंदा आहे. शिवाय आपली भाषा या बाबतीत मोठी सूचक आहे. 'गुंतवणूक' या शब्दात 'गुंतणे' आहे. आणि ज्या घडणीने हा शब्द सिद्ध होतो, त्याच घडणीने अडवणूक, फसवणूक आणि पिळवणूक हेही शब्द सिद्ध होतात. यातला कोणता शब्द प्रत्यक्षात उतरेल हे भांडवलाच्या राष्ट्रीयत्वावर ठरते, की जिथे ते येते तिथल्या कारभारावर? महाराष्ट्राचा गेल्या तीस-बत्तीस वर्षांचा अनुभव या प्रश्नाचे बऱ्यापैकी स्पष्ट उत्तर देतो.

आरंभ अर्थातच दाभोळपासून करावा लागतो. एन्रॉन या अमेरिकन कंपनीचे पथक मुंबईत आल्यानंतर अवघ्या काही दिवसांत, 20 जून 1992 रोजी, महाराष्ट्र राज्य वीज मंडळाने सामंजस्य करारावर सही केली. स्पर्धात्मक निविदा नव्हती. 1993 मध्ये खुद्द जागतिक बँकेने हा प्रकल्प आर्थिकदृष्ट्या समर्थनीय नसल्याचे सांगून अर्थसाहाय्य नाकारले. तरीही त्याच वर्षाच्या डिसेंबरात वीजखरेदीचा करार झाला आणि 1994 मध्ये केंद्र सरकारने प्रतिहमी दिली. वीज उचला वा न उचला, क्षमतेचे पैसे द्यायचेच. दर डॉलरशी बांधलेला. वाद झाला तर लवाद लंडनला. अटी होत्या, परंतु त्या सगळ्या येणाऱ्याच्या होत्या. ज्या ग्राहकाने हे पैसे भरायचे होते, त्याला कराराचा मजकूर दीर्घकाळ वाचायलाही मिळाला नाही. भारतीयांना समजावून देण्याच्या, म्हणजे कंपनीच्या भाषेत त्यांच्या 'शिक्षणाच्या' आणि प्रकल्पाच्या पूर्वतयारीच्या, कामावर सुमारे दोन कोटी डॉलर खर्च केल्याचे कंपनीच्या अधिकारी बाईंनी 1995 मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे सांगितले होते. शिक्षण या शब्दाचा इतका महाग अर्थ आपल्या राज्यात क्वचितच झाला असेल.

ऑगस्ट 1995 मध्ये युती सरकारने प्रकल्प रद्द केला आणि काही महिन्यांतच नव्या वाटाघाटी करून तो अधिक मोठ्या स्वरूपात स्वीकारला. प्रकल्पाला विरोध करणाऱ्या ग्रामस्थांवर झालेल्या पोलिसी कारवाईची दखल ह्यूमन राइट्स वॉच या संघटनेने जानेवारी 1999 च्या अहवालात घेतली. तिथे बंदोबस्तावर असलेल्या राखीव पोलिसांचा खर्च कंपनी देत होती, हे त्यातले सर्वात बोलके तपशील. मे 1999 मध्ये वीज सुरू झाली, मे 2001 मध्ये मंडळाने ती घेणे थांबवले, आणि डिसेंबर 2001 मध्ये एन्रॉन अमेरिकेतच दिवाळखोरीत गेली. माधव गोडबोले समितीने एप्रिल 2001 च्या अहवालात जे निदान केले ते परकीय भांडवलाच्या दुष्टपणाचे नव्हते. जवळजवळ प्रत्येक पायरीवर आपलाच कारभार कसा अपयशी ठरला, याचे होते.

दाभोळच्या आसपासच्या काळात राज्यात दोन प्रकारच्या सुधारणा झाल्या आणि त्यांतला फरक महत्त्वाचा आहे. एक, वीज नियामक आयोग. 1998 च्या केंद्रीय कायद्यानुसार 1999 मध्ये तो स्थापन झाला. ही सुधारणा बऱ्याच अंशी भांडवल पुरवणाऱ्यांच्या आग्रहातून आलेली. तरीही पुण्याच्या 'प्रयास'सारख्या अभ्यासगटांनी आकडे मांडून जनसुनावणी हे नागरिकांचे व्यासपीठ बनवले. दोन, माहितीचा अधिकार. राज्याचा 2002 चा कायदा आणि देशाचा 2005 चा कायदा, दोन्हींसाठी लोकांनी उपोषणे केली, मोर्चे काढले. कोणत्याही बँकेने घातलेली ती अट नव्हती. सुधारणा वरून येवो वा खालून, तिला कस लागतो तो एवढाच : सामान्य माणसाला त्यातून कागद वाचता येतो का आणि 'नाही' म्हणता येते का?

आता चीनकडे वळू. चिनी भांडवल म्हणजे केवळ आफ्रिकेची गोष्ट नव्हे. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत हायरचा कारखाना आहे, चाकणला सॅनीची यंत्रे तयार होतात. मुंबईच्या पहिल्या मेट्रोचे डबे नानजिंगहून आले आणि नागपूर मेट्रोचे दालियानहून. 15 जून 2020 रोजी राज्य सरकारने 'मॅग्नेटिक महाराष्ट्र'च्या दुसऱ्या पर्वात जे सामंजस्य करार केले, त्यांत तीन चिनी कंपन्यांशी संबंधित सुमारे पाच हजार कोटी रुपयांचे करार होते. त्याच रात्री गलवानच्या खोऱ्यात भारतीय जवान हुतात्मा झाले. आठवड्याभरात ते करार 'जैसे थे' ठेवण्यात आले. त्याआधी, एप्रिल 2020 मध्येच, सीमेला लागून असलेल्या देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला केंद्राची पूर्वपरवानगी बंधनकारक झाली होती.

सीमेवर रक्त सांडलेले असताना राज्याने असा निर्णय घेणे समजण्यासारखे आहे आणि त्यावर माझा आक्षेप नाही. परंतु त्या करारांतला सर्वात मोठा, ग्रेट वॉल मोटर्सचा, तळेगावच्या ज्या कारखान्यासाठी होता, तो जनरल मोटर्सचा होता. तिथले उत्पादन डिसेंबर 2020 मध्ये थांबले. अमेरिकन कंपनी निघून चालली होती, चिनी कंपनी दाराशी अडलेली होती, आणि मधल्या मध्ये हजाराहून अधिक कामगार नोकरीसाठी आणि न्याय्य मोबदल्यासाठी न्यायालयाच्या पायऱ्या चढत होते. 30 जून 2022 रोजी विक्रीच्या कराराची मुदत संपली. ऑगस्ट 2023 मध्ये कोरियाच्या ह्युंदाईने कारखाना घेण्याचा करार केला आणि पुढल्या जानेवारीत तो तिच्या ताब्यात गेला. तीन देशांची भांडवले त्या एका फाटकातून आली-गेली. यांपैकी कोणत्याही टप्प्यावर जुन्या कामगाराला सामावून घेणे ही हस्तांतरणाची पूर्वअट झाली नाही. राष्ट्रहिताची अट घालता येते हे 2020 ने दाखवले. कामगारहिताची का घातली गेली नाही, हा प्रश्न मात्र चर्चेच्या परिघाबाहेर राहिला.

आणि चीनविषयीची कठोरताही सरसकट नव्हती. ऑगस्ट 2020 मध्ये, गलवाननंतर दोनच महिन्यांनी, मुंबईच्या उपनगरी रेल्वेसाठी आशियाई पायाभूत गुंतवणूक बँकेबरोबर पन्नास कोटी डॉलरच्या कर्जाचा करार झाला. ही बँक बहुराष्ट्रीय आहे, भारत तिचा दुसऱ्या क्रमांकाचा भागधारक आहे, हे खरे. पण तिचे मुख्यालय बीजिंगमध्ये आहे आणि सर्वात मोठा भागधारक चीन आहे. यात विसंगती शोधून हिणवण्याचा माझा हेतू नाही. मुद्दा एवढाच की 'चिनी' आणि 'पाश्चात्त्य' हे शब्द भाषणात जितके लख्ख वाटतात तितके ते कागदावर नसतात.

हाच प्रश्न आता आमच्या भागात उभा आहे. वाशी, भूम, कळंब या तालुक्यांत बालाघाटाच्या माळांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या आहेत. या उद्योगातले भांडवल आणि तंत्र अनेक देशांचे आहे. शांघायस्थित एन्व्हिजन ही कंपनी भारतातील पवनचक्क्यांच्या पुरवठ्यात आघाडीवर पोचली, तेव्हा केंद्राने जुलै 2025 मध्ये नियम केला की पवनचक्क्यांची माहिती देशातल्याच सर्व्हरवर ठेवावी, ती परदेशी पाठवू नये. अट योग्यच आहे. वाऱ्याची आणि विजेची आकडेवारी कुठे साठवायची, हे राज्यसंस्थेने काळजीपूर्वक ठरवले. परंतु त्याच पवनचक्कीच्या पायाखालची जमीन कोणत्या अटींवर गेली, याची तेवढी काळजी कोणत्या नियमात आहे?

थोडे कायद्यात शिरावे लागेल. सरकार जमीन संपादित करते तेव्हा 2013 चा भूसंपादन कायदा लागू होतो. सामाजिक परिणामांचा अभ्यास, मोबदल्याचे सूत्र, काही प्रकरणी संमती, हे त्यात येते. कंपनी किंवा तिचा मध्यस्थ थेट शेतकऱ्याशी खरेदीखत वा दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा करतो, तेव्हा ती दोघांमधली खासगी बाब ठरते. पर्यावरणीय परवानगीविषयीच्या 2006 च्या अधिसूचनेच्या यादीत पवनऊर्जा प्रकल्प नाहीत. त्यामुळे त्या वाटेने होणारी जनसुनावणीही नाही. आणि वीज वाहून नेणाऱ्या मनोऱ्यांसाठी 2003 च्या वीज कायद्याच्या 164 व्या कलमाने 1885 च्या तार कायद्यातले अधिकार देण्याची सोय केली आहे, म्हणजे जमीन संपादित न करताही रानातून वाहिनी नेता येते. शेतकऱ्याने नंतर भरपाईसाठी भांडावे. हरित ऊर्जेला गती मिळावी हा यामागचा हेतू असेल. तो वाईट नाही. पण या सगळ्या सवलतींची बेरीज केली तर गाव म्हणून गावाला बोलण्याची एकही जागा उरत नाही. एकेक शेतकरी एकेकट्याने सही करतो, शेजाऱ्याला काय दर मिळाला हे त्याला ठाऊक नसते, आणि मोबदल्यावरून पुढे आंदोलने होतात.

जिथे जाहीर अटींना जागा नसते, तिथे गुप्त अटी जन्माला येतात. खंडणी ही अशीच एक गुप्त अट आहे. मांजरेपलीकडे, बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातील मस्साजोग येथे जे घडले ते या अर्थाने वाचले पाहिजे. तिथे पवनऊर्जेचे काम करणाऱ्या अवादा कंपनीकडे दोन कोटी रुपयांची खंडणी मागण्यात आली, असा आरोप आहे. 6 डिसेंबर 2024 रोजी प्रकल्पाच्या आवारात सुरक्षारक्षकाला मारहाण होत असताना गावचे सरपंच संतोष देशमुख मध्ये पडले. 9 डिसेंबरला त्यांचे अपहरण करून हत्या करण्यात आली. आरोपी आपली गाडी आमच्या वाशीत सोडून पळाले, असे तपासात पुढे आले. मकोकाखाली आरोपपत्र दाखल झाले आणि 4 मार्च 2025 रोजी राज्याच्या एका मंत्र्याला राजीनामा द्यावा लागला. दोषी कोण, हे न्यायालय ठरवील. आपण केवळ रचना पाहू. अवादा समूहात थायलंडच्या पीटीटी समूहाने 2021 मध्ये मोठा हिस्सा घेतला होता आणि कॅनडाच्या ब्रुकफिल्डने 2023 मध्ये एक अब्ज डॉलरपर्यंतच्या गुंतवणुकीची घोषणा केली होती. बँकॉक आणि टोरांटोहून निघालेला पैसा मुंबई-दिल्लीच्या सगळ्या खिडक्या पार करून आला. आणि अखेरच्या मुक्कामी, गावाच्या शिवेवर, त्याची गाठ पडली ती अटी घालणाऱ्या टोळीशी. आणि मेला कोण? ज्याला कायद्याने गावाच्या वतीने बोलण्याचा अधिकार आहे तो सरपंच.

गुंतवणूकदाराच्या सोयीसाठी राज्याने 'मैत्री' नावाची एक खिडकी उघडली, 2023 मध्ये तिच्यासाठी स्वतंत्र कायदाही केला. शेतकऱ्याच्या वाट्याला मात्र तलाठ्यापासून, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, भूमी अभिलेख आणि तहसीलपर्यंतच्या साऱ्या खिडक्या आहेत आणि शेवटची खिडकी पोलीस ठाण्याची आहे. सुशासनाचे आपले मोजमाप परवान्याला किती दिवस लागले, याचे आहे. तक्रार नोंदवून घ्यायला किती दिवस लागले, याचे ते मोजमाप कधी झाले नाही. या दुसऱ्या मोजमापाशिवाय पहिलेही खोटे पडते, हे मस्साजोगने दाखवून दिले. कारण परवाना कितीही लवकर मिळाला तरी काम अखेर गावातच करायचे असते.

यावर एक गंभीर आक्षेप येतो आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. मराठवाडा आधीच मागे आहे. इथे पाऊस कमी, उद्योग कमी, तरुण पुण्याला निघून जातात. अशा भागात गावांनी अटी घालायला सुरुवात केली तर आलेले भांडवलही शेजारच्या राज्यात जाईल. आक्षेपात तथ्य आहे. वाशीसारख्या तालुक्यात, कोरडवाहू माळाला दरवर्षी निश्चित भाडे मिळणे ही लहान गोष्ट नव्हे, आणि ज्यांना ते नीट मिळते त्यांच्या घरी फरक पडला आहे. परंतु अट म्हणजे नकार नव्हे. दाभोळ बुडाले ते गावाने अटी घातल्या म्हणून नव्हे; ग्राहकाच्या वतीने कोणी अटी घातल्या नाहीत म्हणून. आणि खंडणीच्या प्रदेशात कोणते भांडवल टिकते? कायदा पाळणारे दूर राहते आणि हप्ते देऊन काम उरकणारेच मागे उरते. जाहीर अटी महाग वाटतात, पण गुप्त अटींपेक्षा त्या नेहमीच स्वस्त पडतात.

मग मागायचे काय? फार मोठे काही नाही. प्रकल्पासाठी झालेल्या भाडेपट्ट्यांचा नमुना आणि मोबदल्याचे दर ग्रामपंचायतीच्या फलकावर, मराठीत, लागावेत. काम सुरू होण्यापूर्वी ग्रामसभेपुढे कंपनीचा जबाबदार माणूस उभा राहावा आणि त्याची उत्तरे इतिवृत्तात नोंदली जावीत. कंपनीत कोणत्या देशाचा किती हिस्सा आहे, रस्ता कोण दुरुस्त करील, मुदत संपल्यावर पाया कोण उखडील, हे त्यात असावे. बंदोबस्त कोणी मागितला आणि त्याचे पैसे कोणी भरले, याची नोंद खुली असावी. यातल्या कोणत्याही गोष्टीला जागतिक बँकेची परवानगी लागत नाही, आणि चीनची हरकतही असण्याचे कारण नाही.

विकसनशील देशांपुढचा प्रश्न 'चीन की पश्चिम' असा मांडला की आपण सारे प्रेक्षक होतो. दोन महासत्तांच्या पटावरची प्यादी मोजत बसतो. तोच प्रश्न 'अटी कोणाच्या' असा मांडला की ग्रामसभेचे इतिवृत्त हेही राजकीय अर्थशास्त्राचे साधन ठरते. आपल्या वर्गात बसणाऱ्या मुलांपैकी अनेकांच्या घरी असा एखादा भाडेपट्टा पेटीत घडी करून ठेवलेला असतो. बहुधा तो त्यांच्या वडिलांनी न वाचता सही केलेला असतो. कवितेतले मौन ओळखायला आपण त्या मुलांना शिकवतोच. तीच नजर त्या कागदाकडे वळवायला शिकवले, तर मराठीच्या अभ्यासक्रमाचे काही बिघडणार नाही. उलट, पुढच्या सहीपूर्वी त्या घरात एक तरी प्रश्न विचारला जाईल.